मोठ्या आचेवर

प्रिय बोकोबा,

फोनवर माझं बोलणं तुला आता कळत नाही आणि तू कळल्यासारखं “हो ना, हो ना” म्हणत राहतेस. गेल्या खेपेला मी विचारलं, तुझा गुडघा कसा आहे, तर म्हणालीस, “हो ना, ताई.” मला हसू फुटलं, पण हल्ली हसणंही घशात अडकतं, तेव्हा तुला वाटलं मी रडतेय. म्हणून हे पत्र. जीभ फितूर झाली, डावा हात तिला जाऊन मिळाला. उजवा अजून माझ्या बाजूनं आहे, तेवढ्यात त्याचं ऐकून घे.

इथली मोठी बातमी म्हणजे तुझे भावोजी स्वयंपाक करतात. लिफ्ट दुरुस्तीसाठी अंधाऱ्या खड्ड्यात उतरून तारांमध्ये बिनधास्त हात घालणारा हा माणूस गॅसची ज्योत मोठी झाली की दोन पावलं मागे सरतो. डाव्या हाताला कढई पेलेनाशी झाली तेव्हा मीच म्हटलं, एक पदार्थ तरी शिकून घ्या, सोपा. मनात होतं, माझ्यामागे उपाशी राहू नयेत. नूडल्स ठरल्या. पहिल्या दिवशी त्यांनी अख्खं पाकीट शिजवलं, सगळ्या भाज्यांसकट एकदम कढईत लोटलं, आच बारीक केली आणि वर झाकण ठेवलं. झाकण काढलं तेव्हा आत काय होतं ते तुला सांगायला नकोच.

आपली छापखान्यावरची खोली आठवते ना? एक शेगडी, एक खिडकी, खाली दिवसभर यंत्रांची धडधड. मी पहिल्यांदा नूडल्स केल्या तेव्हा तू कामावरून दमून आली होतीस. चमचा घातलास, वर उचललास, सगळा गोळाच वर आला. “ताई, ही खळ झालीय. पाकिटं चिकटवू या.” मी तुझ्याशी अबोला धरला आणि पुढच्या रविवारी ईर्षेनं पुन्हा केल्या. तोवर शेजारपाजारच्यांनी, मैत्रिणींनी, सगळ्यांनी छान छान म्हणून खाल्ल्या होत्या. मी शिकले ती तुझ्या तोंडाळपणामुळे.

मला तसं तोंड टाकणं जमत नाही आता. मी ओट्याशी स्टुलावर बसते, हातात चमचा. डब्यावर एकदा टक केलं की आच वाढवा, टकटक केलं की पुरे. एकदा ते वैतागून म्हणाले, “बोलत होतीस तेव्हासुद्धा एवढी ओरडली नव्हतीस.” पण शिकले. थोडी कणी आहे तोवरच नूडल्स उतरवायच्या, गार पाण्याखाली धरायच्या, तेलाचा हात लावून थाळीत पसरायच्या. गाजर, कोबी, ढोबळी मिरची लांब, बारीक. ते चिरून फडक्यावर ओळीनं मांडतात, हत्यारांच्या पेटीतले पाने मांडावेत तसं. एका वेळी एकाच माणसापुरतं घालायचं, नाहीतर कढई गार पडते आणि सगळ्याला पाणी सुटतं. लसूण, मग भाज्या, मग नूडल्स, सोया सॉस कढईच्या कडेनं सोडायचा म्हणजे चुर्र होतो. पातीचा कांदा गॅस बंद केल्यावर.

ते शिकत गेले तसतशी मी गिळायला विसरत गेले. आधी पाण्याचा ठसका. मग नूडल्स निम्म्या आत, निम्म्या बाहेर, आणि मी मधेच अडकलेली. एके दिवशी ताटलीत पाहिलं तर सगळ्या बोटाच्या पेराएवढ्या कापलेल्या. कात्री धुऊन ओट्यावर वाळत ठेवली होती. पुढच्या आठवड्यात तुकडे आणखी लहान.

डॉक्टरबाईंनी काही लपवलेलं नाही. पोटात नळी घालता येईल, पुढे श्वासासाठी गळ्यात दुसरी. त्यानं दिवस वाढतील, गेलेलं काही परत येणार नाही. घरी आल्यावर मी कागदावर लिहिलं, मला नळी नको. त्यांनी वाचलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि कोबी चिरायला गेले. नंतरही दोन-तीनदा लिहून पाहिलं. दर वेळी खिशात घडी आणि विळीवर काहीतरी. आमच्याकडे हल्ली कोबी फार संपतो.

परवा त्यांच्या नूडल्स जमल्या. मला चमचा एकदाही वाजवावा लागला नाही. आच पूर्ण मोठी, मागे सरले नाहीत. नूडल् न् नूडल् सुटी, कोबी कुरकुरीत, कढईचा तो किंचित करपट वास. आपल्या खोलीतसुद्धा माझ्या अशा कधी झाल्या नव्हत्या. कौतुकापोटी त्या दिवशी कापायच्या राहिल्या असाव्यात. मी एकच उचलली, जिभेवर ठेवली. ती खाली गेली नाही. पुढचं लिहीत नाही. त्यांनी मला वाकवून धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, श्वास परत आला. मग ताटली उचलून आत गेले आणि मिक्सरचा आवाज आला.

वाटी घेऊन आले. करडं, गुळगुळीत, वर चमचा. “चव तीच आहे,” म्हणाले. “तू फक्त मीठ बरोबर आहे का सांग.”

खळ, बोकोबा. जी होऊ नये म्हणून एवढे दिवस झटलो, तीच. मी दोन चमचे खाल्लं. मीठ बरोबर होतं. मी मान हलवली.

त्या वाटीपाशी मला कळलं की या माणसाला मी नाही म्हणू शकणार नाही. उद्या ते नळीच्या कागदावर सही करून माझ्याकडे बघतील, आणि मी अशीच मान हलवीन. डॉक्टरबाईंना मी नको म्हणून लिहून दिलंय. त्यांनी विचारलं, वेळ आली तर तुमच्या बाजूनं घरातलं कोण उभं राहील? मी तुझं नाव लिहिलं, तुला न विचारता. तू ये. हे पत्र घेऊन ये आणि भावोजींच्या तोंडावर सांग, ताईला नळी नको, पोटात नको, गळ्यातही नको. ते तुझ्याशी बोलणार नाहीत, कदाचित कधीच नाही. ते सोस. आणि सगळं झाल्यावर लगेच निघू नकोस. त्यांना तुझ्यासाठी नूडल्स करायला सांग, एकाच माणसापुरत्या, मोठ्या आचेवर. बिघडल्या तर तेवढं मात्र सांगू नकोस.

उजव्या हातानं अजून तुझीच,
ताई