चाखणं म्हणजे खाणं नव्हे

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझं तोंड पुन्हा आलंय हे वाचून वाईट वाटलं. शिवणकाम करणाऱ्या बाईला टाचण्या ओठांत धरता येऊ नयेत, म्हणजे माझ्यासारख्या पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या बोटांना फोड यावेत तसंच.

माझा रिपोर्ट आला. सीलिअ‍ॅक नाही. पाच महिन्यांपूर्वी कॉलेजच्या ग्रंथालयातून वैद्यकाचा एक जाडजूड ग्रंथ पाठ सुटलेला आला होता, हे तुला लिहिलंच होतं. पानांचे शिवलेले फर्मे सोडवताना त्यातलं एक प्रकरण वाचलं. गहू, जव, राय यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. काहींच्या शरीराला ते सोसत नाही आणि शरीर आपल्याच आतड्याचं अस्तर खात सुटतं, तोच हा रोग. पोट फुगणं, वजन उतरणं, रक्त कमी, तोंड येणं, गळून जाणं. ओळ न् ओळ माझ्यावर लिहिलेली. त्याच दिवशी पाव-पोळी, गव्हाचं सगळंच बंद केलं. कुणाला विचारलं नाही. बांधणीही मी कुणाला विचारून शिकलो नाही, जुनी पुस्तकं उसवून शिकलो. अंगात ताकद नव्हती म्हणून बांधणीची खोलीही तेवढे महिने बंद ठेवली, आणि चार महिन्यांत बरंच हलकं वाटलं. मग तुझी भावजय मागे लागली म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो, रक्त दिलं, आणि आकडा अगदी साळसूद निघाला.

डॉक्टर म्हणाले की पुस्तकं बांधावीत, वाचून रोग लावून घेऊ नयेत. हे त्यांनी कंपाउंडरसमोर म्हटलं. ते अजून मनातून जात नाही. सोनेरी अक्षरं काढताना हात अजून थरथरतो, तो कशाने, हे त्यांनी सांगितलं नाही.

असो. आपल्या रक्तात ते नाही, तेव्हा तूही निश्चिंत राहा. भावोजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
धाकटा

२१ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

निश्चिंत राहा म्हणालास, राहिले. दोन दिवस. माझ्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त सतत कमी का भरतं म्हणून हीच तपासणी लिहून दिली होती. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की भावाची झालीय, आमच्यात ते नाही, कशाला पुन्हा सुई. त्यांनी एवढंच विचारलं की तपासणीच्या वेळी भाऊ गहू खात होता का.

मी घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. अरे शहाण्या, चार महिने पाव बंद करून तू रक्त दिलंस. बाई म्हणाल्या की गहू पोटात नसेल तर रक्तातल्या खुणा विरून जातात आणि आकडा खोटा येतो. तुझ्या ग्रंथात हे पुढच्या पानावर असणार. तू तिथवर गेलाच नसशील, फर्मा सोडवून मोकळा.

तू डॉक्टरांना सांगितलं होतंस ना, की पाव सोडलाय? तेवढं एका ओळीत कळव. माझी सुई मी टोचून घेतली आहे. तुझ्या भावोजींचा गुडघा बरा आहे, तक्रारी तेवढ्याच आहेत. माया आहेच, पण सध्या तिला जरा राग आलाय.

ताई

२७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एका ओळीत मावत नाही. डॉक्टरांनी मला विचारलं होतं की खाण्यात काही वर्ज्य आहे का. मी नाही म्हणालो, आणि ते खरं होतं. वर्ज्य म्हणजे दुसऱ्या कुणीतरी मना केलेलं. मला कुणी मना केलं नव्हतं; मी आपण होऊन सोडलं होतं. त्यांनी काय सोडलंत असं विचारलं असतं तर तारखेसकट सांगितलं असतं. प्रश्न नीट विचारणं हे त्यांचं काम, माझं नव्हे.

पुढचं पानही काल वाचलं. ग्रंथालयात जाऊन, उभ्याने. तू म्हणतेस तेच तिथे आहे.

डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. आता त्यांचं म्हणणं असं, की सहा ते आठ आठवडे रोज दोन तुकडे पाव खा आणि मग रक्त द्या. मी नको म्हणून उठलो. पोट जेमतेम जाग्यावर आलंय, ते एका कागदासाठी पुन्हा बिघडवून घेऊ? नाही तरी गहू खात नाहीच. शिक्का असला काय, नसला काय. या विषयावर मला पुन्हा लिहू नकोस.

बाकी सर्व ठीक. लोभ असू दे, उपदेश नको.

धाकटा

५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

लिहू नकोस म्हणालास, म्हणून लिहिते आहे. माझा आकडा आला. दहाच्या खाली हवा होता, एकशे बावीस आहे. येत्या महिन्यात घशातून नळी घालून आतड्याचे चार-पाच कण काढणार. तोवर मलाही पाव खातच राहायचाय, तोंडातल्या फोडांवरून.

तुझ्या साळसूद आकड्यावर विसंबून मी ही तपासणी सोडणार होते, एवढं फक्त ध्यानात ठेव. शिक्का असला काय नसला काय म्हणतोस, पण उद्या तुझ्या मुलीचं रक्त कमी भरलं तर ती डॉक्टरांना काय सांगणार? की बाबांच्या मते आहे आणि रिपोर्टच्या मते नाही?

मला नळीची भीती वाटते. तुला हसायचं असेल तर हस. पण हे मला एकटीला करायला लावू नकोस. आपण दोघं गोवरातही एकाच खोलीत पडलो होतो.

ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आठ आठवडे खाल्ला. पाव कागद तोलायच्या काट्यावर तोलून, रोज तेवढाच, सकाळी आठला. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं झालं. तिसऱ्या आठवड्यात एका कोशाच्या पाठीवर खंडाचा आकडा तिरका उमटला. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. तो कोश मी परत उसवला.

रक्ताचा आकडा एकशे चाळीस. तुझ्यापेक्षा अठराने जास्त, हे नोंदवून ठेव. गेल्या आठवड्यात नळीही झाली. तू लिहिलं होतंस तितकी वाईट नव्हती. तू मला उगाच घाबरवलंस, किंवा मुद्दाम सगळं आधी सांगून माझी भीती काढलीस. दोन्ही तुला जमतं. कण पाहून निकाल पक्का झाला. डॉक्टर यावेळी पुस्तकांबद्दल काही बोलले नाहीत. मुलीचंही रक्त तपासायला दिलंय.

आता घरात जे चाललंय त्याला जगणं म्हणावं का, ते तू सांग. चाळणी नवी, तवा नवा, माझं लोणी वेगळं, त्यावर माझ्या हातची चिठ्ठी. दुकानात भिंग घेऊन उभा राहतो. सॉसमध्ये गहू, सुपाच्या पाकिटात गहू, खोकल्याच्या गोळीच्या डब्यावर ‘गहू असू शकतो’. असू शकतो म्हणजे काय? माल तुम्ही केलात ना? बिनगव्हाचा म्हणून जो पाव मिळतो त्याला कापड लावलं तर चांगला पुठ्ठा होईल. गेल्या रविवारी शेजाऱ्यांकडे जेवायला बोलावलं होतं. मी आपला डबा घेऊन गेलो. शेजारीणबाईंनी दोनदा विचारलं की थोडंसं खाल्लं तर काय होतं. तिसऱ्यांदा विचारण्याआधी मी घरी आलो. तुझी भावजय माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तुझ्या तोंडाचं कळव. लोभ असावा, बाकी सगळ्यात गहू असतो.

धाकटा

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा आकडा सातवर आल्याचं वाचलं. आनंद झाला असं लिहितो. झालाही असेल, पण आज मला काही कळत नाही.

माझा शहाण्णव आहे. सहा महिन्यांनी शहाण्णव. डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं की चोरून काही खाता का. मला. मी खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीची वही ठेवली आहे, ती त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चाळली आणि म्हणाले की वहीत सगळेच प्रामाणिक असतात. घरी आलो तर तुझी भावजय माझ्या कोटाचे खिसे पाहत होती. धुवायला टाकायचाय म्हणाली. कोट परवाच धुतलेला.

मुलीचा आकडा स्वच्छ आला होता, तेवढं एक बरं. ती म्हणते की बाबा खोटं बोलणार नाहीत, पण विसरत असतील. विसरत? कुठल्या पुस्तकाला किती टाके घातले ते मला सांगता येतं.

ग्रंथालयाने चाळीस खंडांचं काम दिलंय, सोनेरी नावांसकट. हात असाच राहिला तर ते परत करावं लागेल, आणि पुन्हा मिळणार नाही. डॉक्टर म्हणतात की आतडं भरून येत नाही तोवर रक्त आणि ताकद येणार नाही. मी करायचं काय राहिलंय, ते मला कुणी सांगत नाही. सगळे फक्त खिसे पाहतात.

तुझाही संशय असेल तर स्पष्ट लिही.

धाकटा

१० नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

संशय नाही. तू हट्टी आहेस, आढ्यतेखोर आहेस, आणि लहानपणी माझी पाटी तू फोडली होतीस हे अजून कबूल करत नाहीस. पण चोरून खाणारा तू नाहीस. चोरायचं झालं तर पावती मागशील.

तोंड बरं झाल्यापासून मी पुन्हा टाचण्या ओठांत धरायला लागले. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं की दिवसाला किती टाचण्या तोंडात जातात. मला सांगता येईना. तीस वर्षांत कधी मोजल्याच नाहीत, कारण ते खाणं नव्हतं.

म्हणून एक कर. काय खातोस ते लिहू नकोस, ते मला पाठ झालंय. सकाळी कामाला बसल्यापासून उठेपर्यंत हातांनी आणि तोंडाने काय काय करतोस ते जसंच्या तसं लिही. गाळू नकोस. गाळलंस तर मी तिथे येऊन बसेन, आणि भावोजींनाही घेऊन येईन.

माया आहे, खिसे न पाहता.

ताई

१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यातून काय निघणार ते तुलाच ठाऊक. सांगितलंस म्हणून लिहितो.

साडेआठला खोली उघडतो. आधी खळ. दुकानातला तयार गोंद मी वापरत नाही, हे तुला माहीत आहे. माझी बांधणी शंभर वर्षं टिकायची ती खळीवरच. मैदा दोनदा चाळतो, थंड पाण्यात गुठळी न राहता कालवतो, मंद आचेवर घोटतो. निवेपर्यंत फर्मे जुळवतो. पानं मोजताना अंगठा जिभेला लावतो. कोरडा अंगठा दोन पानं एक समजतो. मग शिलाई. दोरा तोंडाने ओला करून सुईत ओवतो.

अकराला पुठ्ठे चढवायला घेतो. खळ दर तासाला पाहावी लागते, कारण आंबलेली खळ कागद पिवळा करते. नाकाला ते उशिरा कळतं, जिभेला आधी. बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावायची, बस. ही युक्ती माझी मीच शोधली. या धंद्यात माझ्यासारखी खळ कुणाची नाही ती त्यामुळेच. दुपारी डब्यातला भात, आधी हात साबणाने धुऊन. मग दाबयंत्र, मग अक्षरं. संध्याकाळी खोली झाडतो.

हे सगळं. यात खाणं कुठे आहे ते दाखव.

धाकटा

२० नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दुसरा परिच्छेद आणि तिसरा पुन्हा वाच. या वेळी पुढच्या पानापर्यंत जा.

मैदा कशाचा असतो रे?

ताई

२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या त्या दोन ओळींना उत्तर द्यायला मला साडेपाच महिने लागले. मध्यंतरी नुसती खुशालीची कार्डं टाकली, त्याबद्दल रागावू नकोस. आकडा आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

त्या दिवशी पत्र वाचून खळीचं भांडं झाकून ठेवलं. तुला उत्तरही लिहायला घेतलं होतं, की चाखणं म्हणजे खाणं नव्हे. अर्ध्यावर फाडलं. असंच एक वाक्य मी ‘वर्ज्य’वरही लिहिलं होतं, ते आठवलं. दिवसातून सात-आठ वेळा जीभ, शिवाय अंगठा, दोरा आणि चाळलेल्या मैद्याची धूळ. ज्या वहीत मी सोयाबीन तेलाचा थेंबही लिहिला, तिच्यात हे कधी लिहिलं नाही. पहिल्यांदा पाव सोडला ते चार महिने खोलीच बंद होती, म्हणून तेवढा एक आकडा साळसूद निघाला. कुणी विचारलं नव्हतं हे खरं आहे. पण मी सांगितलं नव्हतं, हेही खरंच आहे.

डॉक्टरांना सगळं सांगितलं, न विचारता. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. तुझी भावजय हसली नाही. ओल्या फडक्याने माझी खोली तीन वेळा पुसून काढली आणि मैद्याचा डबा स्वतः बाहेर नेऊन ठेवला.

आकडा चौदा आहे. दहाच्या खाली अजून नाही. पण हात स्थिर आहे. चाळीसांपैकी सव्वीस खंडांवर नावं घातली, एकही तिरकं नाही.

आता खळ तांदळाची. दहा वेळा केली, दहा प्रकारे फसली. पातळ झाली तर कागद सुरकुततो, घट्ट झाली तर कोपरे सुटतात. पंचवीस वर्षांचं माझं सगळं शहाणपण मैद्यात होतं, हे आता कळतंय, आणि या वयात पुन्हा उमेदवारी करायची याचा वैताग येतो. ग्रंथालयाच्या खंडांना सध्या नाइलाजाने दुकानातला गोंद लावतो. हे कुणाला सांगू नकोस.

सोबत एक वही पाठवली आहे. तांदळाच्या खळीची अकरावी खेप. खालचा उजवा कोपरा उचकटला आहे. दुसऱ्या कुणाला अशी वही दिली नसती, आणि तुलाही एरवी दिली नसती. पहिल्या पानावर सोनेरी अक्षरांत ‘तोंडात जे जे जातं ते’ असं घातलंय. टाचण्यांपासून सुरुवात कर. पाटी मीच फोडली होती, हेही त्यात हवं तर लिही.

भावोजींना नमस्कार. वही कधीतरी सुटेल. लोभ मात्र जुन्या मैद्याच्या खळीने चिकटवलेला आहे, त्याचा कोपरा उचकटणार नाही.

तुझा,
धाकटा