तुझ्या गोष्टीतलं वारं

आक्का, “वारं आत आलं की त्येच्या मागनं ती येती, आन् छातीवर बसती,” हे तुझं वाक्य काल मला माझ्याच घरात परत ऐकू आलं, आणि तेव्हापासून मी तुझ्यावर चिडलेली आहे. गेलेल्या आईवर कुणी चिडतं का, असं धाकटी बहीण म्हणेल. म्हणू दे. तिला गोष्टीतली गंमत तेवढी आठवते.

माझी लेक तू पाहिली नाहीस. पंधरा वर्षांची आहे, आणि भुताचे सिनेमे बघायचं तिला वेड आहे. रविवारी दुपारी जेवण झालं की उशीला मोबाइल टेकवून बसते आणि मला हाक मारते. “मम्मी, बघ हं, आता पडदा हलणार.” पडदा हलतो. “आता खिडकी आपटणार.” आपटते. “आता पाचोळा उडणार, मग ती.” भूत दाखवायला खर्च येतो, वारं स्वस्तात पडतं, म्हणून आधी वारं, असं तिचं म्हणणं. मैत्रिणींसाठी ती स्वतःही गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवते. काल म्हणाली, “मावशीनं सांगितलं, आज्जीची एक वाऱ्याची गोष्ट हाय, लई डेंजर.” आणि तुझं ते वाक्य तिनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. “तू सांग, मी मागनं वाऱ्याचा आवाज टाकते.” मी नाही म्हणाले. ती हसत मागे लागली, तशी मी ओरडले. तिच्या हातातून मोबाइल पडला. “एवढं काय चिडायचं? गोष्टच हाय की,” ती म्हणाली आणि आत गेली. दार उघडंच टाकून गेली, तिला दारं लावायची सवय नाही.

गोष्टच होती. ती कशासाठी होती, हे मी तिला सांगितलेलं नाही. तुलाही कधी बोलून दाखवलं नाही.

निपाणीतली आपली खोली मला आजही वासानं आठवते. भिंतीला पाठ टेकून तू बसलेली आहेस, मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा जर्दा, बाजूला ओल्या पोत्यात गुंडाळलेली विडीची पानं. वाऱ्याची झुळूक आली तर जर्दा उडतो, पान सुकतं, आणि सुकलेलं पान वळताना फाटतं. मग मुकादम खराब म्हणून विड्या छाटतो, छाटलेल्यांची मजुरी न देता त्या टोपलीत टाकतो, आणि तू कारखान्यातून परत येऊन आमच्याशी संध्याकाळभर बोलत नाहीस. म्हणून खिडकी बंद, दार लोटलेलं. आण्णांनी तुझ्यासाठी हौसेनं आणलेला पंखा छताला होता, पण त्याच्या पात्यांना तू जुनं लुगडं गुंडाळून ठेवलं होतंस, कुणी बटण दाबू नये म्हणून. एप्रिलमध्येसुद्धा. धाकटी घामानं रडायची, खिडकीची कडी काढायला धावायची. तिला रोज किती वेळा दटावणार? दटावताना विड्या वळणारा हात थांबतो. म्हणून तू ती बाई आणलीस. तंबाखूच्या वखारीत गुदमरून गेलेली, वाऱ्याबरोबर हिंडणारी, कुठल्या घराची खिडकी उघडी आहे ते बघणारी. ती आत येते, छातीवर बसते आणि माणसाचा श्वास पिऊन टाकते. तू हे मान वर न करता सांगायचीस, बोटं चालूच. सांगायचीस मात्र फार छान. “आली... आली... पान हललं बघ,” म्हणून जी थांबायचीस, त्या थांबण्यात आम्ही दोघी अर्ध्या व्हायचो. त्यानंतर राखणीला माणूस लागला नाही तुला. मीच उठून कडी घट्ट आहे का बघायचे. फटीत चिंध्या कोंबायचे. शाबासकी मिळायची.

मला वाटायचं तुलाही तिची भीती आहे. आपण तिघी मिळून एका बाईपासून घर वाचवतोय, असं वाटायचं, आणि त्यात एक सुख होतं. मग गणपतीत गल्लीनं व्हिडिओ आणला. रस्त्यावर पोती टाकून सगळे बसलेले, पडद्यावर हवेली, दारं आपटतायत, पाचोळा भिरभिरतोय. मी तुझ्या पदरात तोंड खुपसलं. आणि तू मोठ्यानं म्हणालीस, “काय भ्यायचं गं ह्यात, फॅन लावलाय त्येनी. पानं बघ की, समदी एकाच बाजूनं उडाल्यात.” समोरची काकू मागे वळून म्हणाली, “गप की बाई, भिऊ दे जरा, वर्गणी दिलीया.” सगळे हसले, तूही हसलीस. मी पदरातून डोकं काढून तुझ्याकडे बघत राहिले. तुला माहीत होतं तर. वारं कुणीतरी लावतं, हे तुला बरोबर माहीत होतं.

तरी मी गोष्टीला धरून राहिले. माळाचा दिवस आला तेव्हा ती सुटली. तू कारखान्यात विड्या देऊन येत होतीस, मी बरोबर होते. हायवेच्या कडेला त्या उघड्या माळावर वारं असं होतं की मला पाय टाकवेना. तू टोपली खाली ठेवलीस. पदर सोडलास, अंबाडा सोडलास, डोळे मिटून तोंड वाऱ्याकडे करून उभी राहिलीस. इतका मोठा श्वास घेताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, “आक्का, ती येईल की.” तू डोळे न उघडताच म्हणालीस, “ती घरातच येती गं. भायेर न्हाय काय करत.”

मला त्या वेळी तुझा हात धरून तसंच उभं राहता आलं असतं. पण तू केस बांधलेस, टोपली उचललीस, घरी आलीस आणि कडी लावलीस.

पुढचं तुला माहीत आहे. बेळगावच्या दवाखान्यात त्या डॉक्टरनं तुझी पाठ तपासून कन्नडमध्ये विचारलं, घरात वारं येतं का? “बर्तदरी, बर्तद,” तू म्हणालीस. येतं म्हणे. माझ्याकडे बघितलंससुद्धा नाहीस. शेवटचे महिने तू भिंतीला उशा लावून बसूनच काढलेस, कारण आडवी झालीस की छातीवर कुणीतरी बसायचं. ती आलीच होती, आक्का. खिडकीतून नव्हती आली. ती तुझ्या मांडीवरच्या सुपातून आली, रोज थोडी थोडी, आणि आम्ही फटी बुजवून तिला आतच ठेवत होतो.

चिडायचं तर मुकादमावर, कारखान्यावर चिडावं, हे मला कळतं. चिडतेही. पण मुकादम माझ्या उशाशी बसून गोष्ट सांगत नव्हता. त्यानं टोपलीत फेकलेल्या विड्या तू परत मोजून घेतल्या नाहीस, त्याच्याशी एकदाही भांडली नाहीस. भांडायला तुला दोन लेकरं आणि एक पंखा मिळाला. “खिडकी उघडली तर विड्या छाटतात, पोट चालत न्हाय,” एवढं सरळ सांगितलं असतंस, तर आम्ही घाम पुसत बसलो असतो की. लेकरांना पोटाचं कळतं. तू आमच्याकडून वारंच काढून घेतलंस. धाकटी मोठी झाल्यावर हसून मोकळी झाली. मी झाले नाही. आषाढात इथं वारं सुटलं की शेजारच्या बायका गच्चीवर जातात आणि मी घरभर फिरून कड्या बघते. लेकीच्या खोलीची खिडकी मी ती शाळेत गेल्यावर लावते. संध्याकाळी ती येऊन उघडते.

आज सकाळी ती म्हणाली, “नको सांगू मग. मीच काढते त्या वाक्यावरनं गोष्ट.” काढेल. तिला थांबायचं कुठं ते तुझ्यासारखंच कळतं. मला त्याचीच भीती वाटते. माझ्याकडून गेली नाही तरी ती गोष्ट तिच्यापर्यंत पोचली, आणि ही बाई माझ्या लेकीच्याही छातीवर यायला मोकळी झाली.

हे कागद मी तिला दाखवणार नाही. पानं कापायची तुझी कात्री माझ्याकडे आहे, तिच्याखाली ठेवीन. कागद उडू नयेत म्हणून नव्हे. खिडकी मी लिहायला बसण्याआधीच लावून घेतलीय. आणि इतकं सगळं बोलून झाल्यावरही, ते “आली... आली...” मला अजून एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय, ही आणखी एक लाजिरवाणी गोष्ट.

पण आक्का, या वेळी जरा वेगळी सांग. वारं आत आलं, सुपातला जर्दा उडाला, पान फाटलं, मुकादम ओरडला, आणि बाकी कुणी आलं नाही. लेकरं निवांत झोपली. एवढीच सांग, माझ्या लेकीला. मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. “मग त्यात गोष्ट कसली गं?” म्हणशील, आणि मान वर न करता मला दार लावायला सांगशील. तरी सांग.