खिंडीतला नारळ आणि मेलचा मान

॥ श्री ॥
वरची वाडी, पो. पोलादपूर
ता. ८ फेब्रुवारी १९५९

चि. गंगाधर यास महिपतीमामाचा अनेक आशीर्वाद. वि. वि.

येथे सर्व खुशाल. सरोज पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. दिवाळीत तुझे रेल्वेच्या नियमांचे पुस्तक वाचायला ठेवून घेतले होते, त्याचे चीज झाले. आपल्या खिंडीत जेमतेम एक गाडी मावते. समोरासमोर दोन आल्या की अर्धा दिवस भांडणात जातो. तुमच्याकडे एकेरी रुळावर हाती गोळा, म्हणजे पुढचा रूळ मोकळा असल्याची खूण, मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, हे वाचून मी पंचायतीत तसाच ठराव करून घेतला. आपला गोळा म्हणजे गेरू फासलेला नारळ. वरच्या तोंडाशी सोनबा बसतो, खालच्या तोंडाशी रामा. नारळ ज्याच्या हाती, तोच खिंडीत शिरणार. विकासखात्याची जीप म्हणजे मेल आणि बैलगाड्या म्हणजे लोकल. मेलचा मान पहिला.

अडचण एकच. नारळ वर गेला की खालची मंडळी वरून कोणी उतरेपर्यंत बसून राहतात. काल सोनबाला दया आली आणि तो स्वतःच नारळ द्यायला खाली गेला. मग नियमाप्रमाणे त्यालाच वर जाता येईना.

महाडला चारुशीलेच्या वडिलांना भेटलो. एप्रिलात तू नोकरीत कायम झालास की मेमध्ये लग्न, हे त्यांनी पुन्हा बजावले. तेव्हा जपून राहा आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
महिपतीमामा


रेल्वे क्वार्टर्स, कल्याणजवळ
ता. १७ फेब्रुवारी १९५९

ती. मामांस सा. न. वि. वि.

सोनबा अजून खालीच असल्यास त्याला माझा नमस्कार सांगा. मी मात्र अडकलो आहे. आमच्या स्टेशनापुढे मेल आणि लोकल एकाच रुळावरून जातात. शनिवारी मेल चाळीस मिनिटे उशिरा होती आणि लोकल वेळेवर फलाटाला उभी होती. पाळीवर स्टेशनमास्तर मीच होतो; मी लोकल सोडली. मेल सिग्नलबाहेर नऊ मिनिटे थांबली. तिच्यात एक मोठे साहेब होते, त्यांचा चहा निवाला. मेलला डावलून लोकल का सोडली, याचा खुलासा दहा दिवसांत मागितला आहे. शिक्षा झाली तर कायम होणे राहिले, आणि लग्नही.

पुस्तकाच्या शेवटी उशिरा धावणाऱ्या मेलविषयी बारीक टाइपात काहीतरी आहे, असे आठवते. तेवढे पान उतरवून पाठवा. नियमपुस्तक बाहेर देणे हाही गुन्हाच, त्यामुळे इथे कोणाकडे मागायची सोय नाही. मामा, मला खरेच भीती वाटते आहे.

मामीला नमस्कार. आपल्या आशीर्वादाच्या छायेतला,
गंगाधर


वरची वाडी
ता. २० फेब्रुवारी १९५९

चि. गंगाधर यास अ. आ.

पान पाहायची गरज नाही. पहिल्याच पानावर मेलचा मान पहिला असे स्वच्छ लिहिले आहे, आणि त्यापुढे वाचायची मला कधी गरज पडली नाही. साहेबांशी वाद घालू नये. सोबत मसुदा पाठवत आहे. मी लिहिलेला अर्ज आजवर एकही परत आलेला नाही. ‘माझ्याकडून गंभीर चूक झाली, लोकलने थांबायलाच हवे होते’ हे वाक्य ठळक अक्षरात लिही. सही करून लगेच पाठव आणि निर्धास्त झोप.

तुझ्या भल्यासाठीच कठोर झालेला,
मामा


वरची वाडी
ता. २७ फेब्रुवारी १९५९

चि. गंगाधर यास मामीचे आशीर्वाद.

तुझा मामा कालपासून लेखणी हाती धरत नाही, म्हणून मीच लिहिते. काल सकाळी सरोजच्या पोटात कळा सुरू झाल्या. गाडी जुंपून महाडच्या दवाखान्यात निघालो, तर खिंडीच्या तोंडाशी सोनबाने अडवले. जीप दहाला यायची होती, म्हणून नारळ खाली रामाकडे राखून ठेवलेला. साडेअकरा वाजले तरी जीप नाही. साहेब पोलादपुरात जेवत होते म्हणे. पोर कण्हत होती आणि मामा पुस्तक चाळत होता. शेवटी मी चालत खाली गेले. रामा म्हणाला की नेम म्हंजे नेम, जीप आल्याबिगर नारळ सुटायचा नाय. मी तो त्याच्या मांडीवरून उचलला, देवीच्या दगडावर फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

वर येऊन गाडी हाकायला लावली, ती खिंडीत मधोमध आली आणि समोरून जीप. साहेब माणूस चांगला. सरोजला पाहून त्याने जीप मागे घ्यायला लावली आणि तिला जीपमध्ये घालून महाडला पोचवली. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मी मामाला विचारले की जीपला मागे जाता येते, बैलांना येत नाही, मग थांबायचे कोणी? हे तुमच्या पुस्तकात नव्हते का? तेव्हा त्याने शेवटचे पान काढले. मेल उशिरा असेल तर वेळेवरची लोकल आधी सोडावी, असे तिथे आहे. तो मसुदा पाठवू नकोस, बाबा.

तुझी,
तुळजामामी


रेल्वे क्वार्टर्स
ता. २ एप्रिल १९५९

ती. मामा व मामी यांस सा. न. वि. वि.

मामीचे पत्र आले तेव्हा मसुदा जाऊन पाच दिवस झाले होते. काल निकाल आला. शेवटच्या पानाप्रमाणे लोकल सोडणे अगदी योग्य होते, असे त्यात म्हटले आहे. परंतु मी चूक लेखी कबूल केली असल्यामुळे शिक्षा देणे भाग आहे. कायम होणे एक वर्ष पुढे गेले. मसुद्याची भाषा मात्र साहेबांना फार आवडली.

मामा, मनाला लावून घेऊ नका. सही माझी आहे. चारुशीलेच्या वडिलांनी दुसरे स्थळ पाहायचे काढले होते. तिने त्यांना सांगितले की थांबवलेली गाडी रद्द झालेली नसते, आणि मला तसेच कळवले. ते पत्र मी चारदा वाचले.

सव्वा महिन्याच्या बारशाला येतो. खिंडीत बैलगाडी पाठवा. माझे पुस्तकही परत द्या, आणि आधी शेवटचे पान चारुशीलेला वाचायला द्या.

नातीला माझा पापा, आणि आपला लोभ वेळापत्रकाबाहेरही चालू असू द्यावा.

आपला,
गंगाधर