रेघ मारलेलं वर्तुळ

शनिवार, संध्याकाळ. अल ऐन

कॉयरमध्ये आज पुन्हा त्या वर्तुळावरून वाद. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या युरोपियन गाण्याच्या नोटेशनवर वेग लिहिलेलाच नाही. सुरुवातीला नुसतं वर्तुळ, म्हणजे तीन-तीनची मोजणी, आणि त्याला उभी रेघ, म्हणजे जलद. पण किती जलद? शिकवणारे लेबनीज सर म्हणतात, दुप्पट. मी म्हणते, किंचित.

"त्या काळी शांत माणसाची नाडी धरून मोजायचे," सर म्हणाले. मी नर्स, त्यामुळे सगळ्यांचे हात माझ्यापुढे. पण भांडून सगळ्यांच्याच नाड्या धावत होत्या, सरांची तर सर्वांत जोरात! "खलास, नेक्स्ट वीक," म्हणाले.

घरी आले तर नवरा मॅच लावून सोफ्यावर डाराडूर. याच्या संथपणावर लग्नापासून वैतागत आलेय मी. हळूच मनगट धरलं आणि नाडीवर त्या गाण्याची पहिली ओळ गुणगुणले. शब्द नीट बसले, श्वासही पुरला. रेघेचा वेग हाच असेल? की मला हवा तोच सापडला? असू दे.

सई दारातून घाबरून म्हणाली, "मम्मा, इज बाबा ओके?"

"एकदम. फक्त उठवू नकोस त्याला, लय बिघडेल."