कोणती युद्धकला घ्यावी, याचा सखोल अभ्यास

८ एप्रिल. रात्रीचं जेवण झाल्यावर.
त्सुयामा स्टेशनवर आज घाणेरडा प्रकार. नात्सुहोच्या नव्या शाळेचा पहिला दिवस, म्हणून बापलेक एकाच गाडीने परत आलो. प्लॅटफॉर्मवर एक दारुडा आडवा आला, तिच्या दप्तराचा पट्टा धरला आणि म्हणाला, ए पोरी, जरा हसून दाखव की. तोंडाला शिळ्या माशाचा वास. चार हातांवरून मला आला.
मी ताबडतोब स्टेशन मास्तरला शोधायला गेलो. निर्णय योग्य होता. मास्तर जागेवर नव्हता, म्हणून थोडा वेळ वेळापत्रक पाहिलं. परत येतो तर कुण्या बाईने पिशवी उगारून दारुड्याला हाकललेलं.
नात्सुहो घरापर्यंत चार पावलं पुढे चालली. घरी आल्यावर आईला म्हणाली, बाबांना आता सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ आहेत, काही लागलं तर विचार.
सोळा वर्षांची मुलगी. हे संस्कार तिच्या आईचे, फुमिएचे.

९ एप्रिल.
शांतपणे विचार केला. दोष माझा नाही, प्रशिक्षण नसण्याचा आहे. पाकिटांच्या कारखान्यात एकवीस वर्षं विभागप्रमुख आहे. मशीन घेताना आपण आधी गरज लिहितो, मग मशीन बघतो. इथेही तेच. गरज: प्लॅटफॉर्म, मध्यम बांध्याचा एक माणूस, तोही प्यालेला. माझं वय एक्कावन्न, गुडघे बरे, पायात चामडी बूट. याला नेमकी कोणती कला बसते ते शोधायचं. लोक आंधळेपणाने कुठल्याही क्लासला जातात आणि मग रडतात.
नगरपालिकेच्या व्यायामशाळेत सगळ्या कला शिकवतात. वार वेगवेगळे, पहिला क्लास फुकट. फॉर्मवर 'उद्देश' असा रकाना होता. 'कौटुंबिक संरक्षण' असं लिहिलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, बहुतेक जण 'पोट कमी करणे' लिहितात. मी पोट आत घेऊन फॉर्म पुढे सरकवला.
ऑगस्टच्या आत तयार.

१२ एप्रिल.
ज्युदो. आधी पडायला शिकवतात! मला पाडायचं आहे, पडायचं नाही, हे मास्तरांना नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, पडायची भीती गेली की पाडणं येतंच. हे म्हणजे पाकिटं फाडत बसा, चिकटवणं आपोआप येईल, असं झालं.
तासभर पडलो. एकदा डोळे उघडले तर नाकाशेजारी गादीवर एक नख. अख्खं. पायाच्या अंगठ्याचं. मग दातांच्या एका जाड्या डॉक्टरने मला खाली दाबलं आणि त्याच्या हनुवटीवरचा घाम माझ्या कानात पडला. थेंब आत जाताना ऐकू आला.
ज्युदो बाद. प्लॅटफॉर्मवर गादी नसते.

१३ एप्रिल.
मान वळत नाही. नात्सुहोने विचारलं, बाबा, दारुडा मागून आला तर? फुमिए ओट्याकडे तोंड करून हसली. खांद्यांवरून कळलं.
कानात तीनदा कापूस घातला. तो थेंब अजून आहे असं वाटतं.

१८ एप्रिल.
केन्दो. बांबूची तलवार, माणूस कसा भारदस्त दिसतो. पण शिरस्त्राण उसनं. डोकं आत घातलं आणि मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपात बुडालो. शिवाय मुळा नासका. हातमोजे आतून ओलसर होते. कोरडे का नाहीत, असं बेप्पु मास्तरांना विचारलं. ते अभिमानाने म्हणाले, हा वीस वर्षांच्या मेहनतीचा वास आहे. कुणाच्या मेहनतीचा, ते सांगितलं नाही.
मारताना ओरडावं लागतं. ओरडायचं तर श्वास घ्यावा लागतो. श्वास घेतला की पोटातलं वर. म्हणून मी मूकपणे लढलो. मास्तर म्हणाले, आवाज नाही तर तो फटका नाही, मुनाकाता साहेब, घरी भांडत नाही का कधी? ग्रंथालयात काम करणाऱ्या एका लहानखुऱ्या बाईने मला अकरा वेळा डोक्यात मारलं आणि दर वेळी वाकून आभार मानले.
निघताना विचारलं, हेच छत्रीने करता येईल का. मास्तर म्हणाले, छत्रीने पाऊस अडवा.

२५ एप्रिल.
कराटेचा क्लास दारातूनच पाहिला. अनवाणी लाथा मारतात. ते पाय मनगटाने अडवायचे. मी त्या पायांना हात लावणार नाही. अभ्यास म्हणजे नकार देणंही असतं.

११ मे.
आयकिदो. ही कला थोरामोठ्यांची, शांत, असं ऐकलं होतं. जोडीला तोकिवा आजी. वय चौऱ्याहत्तर, हाताला गुडघेदुखीच्या मलमाचा वास. म्हणाल्या, धर माझं मनगट. वय पाहून हलकेच धरलं. मग छत दिसलं.
चार वेळा छत पाहिलं. पाचव्यांदा आजी थांबल्या. म्हणाल्या, अरे बाबा, तू धरतोस कुठे? हात पुढे आणि अंग सगळं मागे. धरायच्या आधीच पळायला बघतोस.
सगळ्यांसमोर. शिकवण्याची ही पद्धत नव्हे.
आजी बाद.

१२ मे.
आजींच्या बोलण्यावर विचार केला नाही.

१३ मे.
केला नाही.

२० मे.
सापडली! क्युदो, म्हणजे धनुर्विद्या. शत्रू अठ्ठावीस मीटरवर, कागदाचा, हलत नाही. वास नाही, घाम नाही, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. जमीन पुसलेली. माझ्या ध्येयाला तंतोतंत बसणारी कला. सहा आठवड्यांच्या अभ्यासाचं चीज झालं.
फुमिए म्हणाली, अहो, तो दारुडा तेवढा लांब उभा राहील का? मी सांगितलं, अंतर राखणं हीच खरी कला. ती म्हणाली, ते तुम्हाला आधीपासूनच येतं.
पांढरा अंगरखा आणि काळा घोळदार पायजमा मागवला.

५ जून.
मास्तरीणबाईंनी अजून धनुष्य दिलेलं नाही. तीन महिने रबर ओढायचं. काठीला बांधलेलं रबर! आज ते सुटून ओठावर बसलं. घरी सांगितलं, सराव जोरात आहे. नात्सुहोने ओठाकडे पाहिलं आणि भात वाढून घेतला.
पोशाख आला. क्लासमध्ये नवशिक्यांना लागत नाही म्हणतात. मी घालतो. येताना स्टेशनवरही तोच. लोक बाजूला होतात. अर्धं काम पोशाखच करतो.

२१ जून. संध्याकाळचे सात.
जे घडलं ते क्रमाने लिहितो.
गाडीतून उतरलो. नात्सुहो पुढच्या डब्यातून उतरली. तेवढ्यात एक तरुण झोकांड्या खात तिच्याकडे निघाला. टाय खांद्यावर, एक बूट गायब. मी धावलो. खरंच धावलो आणि दोघांच्या मध्ये उभा राहिलो. छाती पुढे, नजर समोर. म्हणालो, थांब.
तो थांबला. दोन्ही हातांनी माझ्या नव्या अंगरख्याची बाही धरली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओकला.
शेवया. न चावलेल्या, लांबच्या लांब. छातीवरून आत गेल्या. गरम होत्या.
मी शौचालयात गेलो. दुसरं कुणी काय केलं असतं? वीस मिनिटं धुतलं. मध्ये मलाही उलटी झाली. साबण संपला. तिथल्या बेसिनबद्दल लिहीत नाही.
बाहेर आलो तर तो पोरगा बाकावर, मान खाली घालून रडत होता. नात्सुहो त्याची पाठ चोळत होती. त्याच्या हातात तिची पाण्याची बाटली. ती विचारत होती, घरचा नंबर सांगा ना, असं एकटं जाता येणार नाही तुम्हाला. आज त्याची नोकरी गेली होती. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला तो ताई म्हणत होता.
मी जवळ गेलो. सहा पावलांवर वास आला आणि थांबलो. नात्सुहोने मान वर केली. म्हणाली, बाबा, तुम्ही व्हा पुढे. ओले आहात, सर्दी होईल. याची बहीण निघालीय, ती येईपर्यंत मी बसते.
टोमणा असेल म्हणून मी वाट पाहिली. नव्हता. घरात कुणी आजारी असलं की ती ज्या आवाजात बोलते, तो आवाज होता.
मी पुढे झालो.

२२ जून.
अंगरख्याचा डाग जात नाही. फुमिएने दोनदा धुतला, एकही टोमणा न मारता. नात्सुहोनेही मारला नाही.
संध्याकाळी त्या पोराची बहीण चेरीचा डबा घेऊन आली. दारात कितीतरी वेळ वाकून उभी होती. नात्सुहोची आई म्हणून फुमिएला नमस्कार केला. मी आतच होतो.
जेवणानंतर नात्सुहोने डबा उघडला आणि सगळ्यात आधी माझ्यापुढे धरला. म्हणाली, घ्या बाबा, काल तुम्हालाच जास्त त्रास झाला.
सात खाल्ल्या. गोड होत्या. आंबट आहेत, असं म्हणालो.