आतलंच कुणीतरी

बाई, त्या दिवशी तुमच्या मानेला कुणीही हात लावला नव्हता. मी पहिल्या बाकावर होते, मला सगळं दिसत होतं. साल त्र्याण्णव असावं, आठवीचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. तुम्ही टेबलाशी उभ्या राहून हजेरीपटावर मान वाकवलीत आणि एकदम ताठ झालात. हातातलं पेन खाली पडलं. तुम्ही मागे वळून पाहिलंत. मागे फक्त फळा होता. मग आमच्याकडे बघून अगदी हळू विचारलंत, "कोण आलं होतं मागे?" साठ मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. तुम्ही परत मान वाकवलीत, या वेळी मुद्दाम, आणि तुमचे डोळे आपोआप मिटले. नंतर बऱ्याच वर्षांनी तुम्हीच सांगितलंत की मान खाली घातली की कुणीतरी मानेपासून टाचेपर्यंत विजेची तार सर्रकन ओढून काढतंय असं व्हायचं. मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं वेष्टण गेलं की असं होतं, हे मी पुढे परीक्षेसाठी पाठ केलं. पण आजही तो परिच्छेद वाचला की मला पुस्तकातलं चित्र दिसत नाही. तुम्ही वळून फळ्याकडे बघताय, तेवढंच दिसतं.

शाळेत बोलणं सुरू व्हायला दोन दिवस पुरले. त्यातच तुमचा डावा डोळा अधू झाला. लाल खडू तुम्हाला मळका, विटकरी दिसायचा आणि हृदयाच्या आकृतीत तुम्ही शुद्ध-अशुद्ध रक्ताचे रंग उलटे भरले होते. मग पाय अडखळायला लागला. दहावीच्या मुली म्हणायच्या, बाई पिऊन येतात. आमच्या गावी, कळंब्याला, आईनं धारा काढता काढता वेगळाच निकाल दिला. "त्यास्नी भाईरचं झालंय," ती म्हणाली. "एवढी शिकल्याली बाई, पण कुणीतरी बसलंय की अंगावर." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तुमच्यासाठी तिनं कुठल्याशा देवऋष्याकडून अंगारा आणला, कागदाच्या पुडीत बांधला आणि माझ्या कंपासपेटीत ठेवला. शाळा सुटल्यावर मी तो तुम्हाला प्रयोगशाळेत दिला.

तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही पुडी उघडलीत, काचपट्टीवर चिमूटभर राख घेतलीत, वर थेंबभर पाणी टाकलंत आणि शाळेतला तो एकुलता एक सूक्ष्मदर्शक माझ्यापुढे सरकवलात. काय दिसतंय, विचारलंत. मी म्हटलं, काळे-करडे तुकडे, आणि ते हलताहेत. "पाणी हलतंय, म्हणून ते हलताहेत," तुम्ही म्हणालात. "आमच्या घरानं देव, देवऋषी, पुड्या, सगळं माझ्या जन्माआधीच सोडलं. माझा बाप शाहूवाडीत दुसऱ्याच्या भातात राबला, पण मला त्यानं कधी गंडा बांधला नाही. ते मी आता परत घरात घेऊ होय? पुन्हा असलं काही आणलंस तर या खोलीत पाऊल टाकायचं नाही." आवाज जराही चढला नव्हता. मी घरी जाऊन आईला सांगितलं, बाईंनी घेतला अंगारा. पण आजाराचं काय ते मला कळलं नव्हतं आणि तुम्हालाही अजून कळलेलं नव्हतं. त्या वयात मला वाटलं, भूत नसेल तर मग बाई सारख्या मागे वळून का बघतात?

उत्तर मिळायला दोन वर्षं गेली. तुमची धाकटी बहीण, तुम्ही दोघी एकत्रच राहायचात, तुम्हाला पुण्याला घेऊन गेली आणि एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे ठिपके दिसले. मल्टिपल स्क्लेरॉसिस. मी तेव्हा दहावीला होते आणि तुम्ही मला तो आजार तुमच्या स्वयंपाकघरात, कणीक मळता मळता समजावलात. शरीराच्या दोन फौजा असतात, हे तुम्ही वर्गात शिकवलं होतंच. एक शिकणारी, लस टोचली की शत्रूचा चेहरा लक्षात ठेवणारी. दुसरी जन्मजात, ती चेहरे बघत बसत नाही, समोर येईल ते गिळते. डॉक्टरांचा सगळा संशय पहिल्या फौजेवर होता. त्या काळच्या पुस्तकांतही जवळजवळ तसंच लिहिलेलं असायचं. तिच्या पेशी चुकून आपल्याच मज्जातंतूंचं वेष्टण शत्रूचं समजतात, रक्तातून मेंदूत शिरतात, नासधूस करतात आणि निघून जातात. तुमचा आजार तसाच वागत होता. महिनाभर पाय जायचा, सलाइनमधून औषध दिलं की परत यायचा. "बाहेरून येतात गं," तुम्ही म्हणालात, "पण निदान जातात तरी." मला फार बरं वाटलं होतं ते ऐकून.

मी मिरजेला मेडिकलला लागले. महिन्यातून एखादा रविवार एसटीनं तुमच्याकडे यायचे. मे महिन्यातली एक दुपार मी विसरू शकत नाही. तुमच्या बहिणीला मी धाकट्या बाई म्हणायचे, त्या बाजारात गेल्या होत्या. तुम्ही ओट्याला टेकून भाकरी करत होता आणि मी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली बसून अभ्यासाबद्दल काहीबाही सांगत होते. घर तापलेलं. तुम्ही मधेच म्हणालात, तू दिसेनाशी झालीस. घाबरून नाही, बातमी द्यावी तसं. उन्हानं अंग तापलं की तुमची नजर जायची, हे मला ठाऊक होतं. मी बादली भरली, तुमचे पाय त्यात ठेवले, ओला टॉवेल मानेवर टाकला आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. हळूहळू तुमच्या डोळ्यांना मी सापडत गेले. मग मला वास आला. केस जळल्यासारखा. भाकरी करपल्याचा नव्हता तो. तुमचा डावा हात अजून तव्यावर होता. तळवा पूर्ण टेकलेला, आणि तुम्ही शांतपणे म्हणत होता, आता तुझा चष्मा दिसला. मी हात ओढला तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, हाताकडे नाही. का ओढलास, असा चेहरा. त्या हाताला काही कळतच नव्हतं. त्या क्षणी मला तुमची भीती वाटली, बाई. जखमेची नाही, तुमची.

त्यानंतर आजाराचे अटॅक, ते महिनाभर पाय जाणं आणि परत येणं, थांबले. एक वर्ष, दोन, चार. डॉक्टर खूश होते. एमआरआयमध्ये नवीन ठिपका नाही. पण काठीचा वॉकर झाला आणि वॉकरची चाकाची खुर्ची. तोवर मी पॅथॉलॉजीत एमडी करायला लागले होते आणि मला सगळं येत होतं. मी तुम्हाला म्हटलं, आजार झोपलाय, हा जुन्या नुकसानीचा परिणाम आहे. तुम्ही मान थोडी कलती केलीत. अलीकडे तुम्ही बोलता बोलता अशाच थांबायचात, शेजारच्या खोलीत कुणी चालत असावं आणि ते ऐकावं तशा. आता घरात तुम्ही शाळेतली भाषा बोलत नव्हता. म्हणालात, "झोपला न्हाय. भाईरनं कोण येत न्हाय आता, ते खरं हाय. पर आत कुणीतरी जागं हाय. माझ्याबरबरच जन्माला आलंय ते. दिसरात बारीक बारीक खातंय."

आणि मी, जिला तुम्ही सूक्ष्मदर्शक दाखवला होता, तुम्हाला म्हटलं, "बाई, दिवसभर एकटं बसून स्वतःकडे कान लावला की असं वाटतं. मनाचे खेळ आहेत." तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. भांडला असतात तर बरं झालं असतं. पुढे अकरा महिने मी तुमच्याकडे फिरकले नाही. कामाचं कारण होतंच. खरं कारण ती कलती मान. मला वाटायचं, एखाद्या दिवशी मलाही ऐकू येईल.

धाकट्या बाईंचा फोन आला तेव्हा तुम्हाला न्यूमोनिया झाला होता. मी आले. खोलीत तुम्ही आणि तुमचा श्वास, तेवढेच. देहदानाचा अर्ज तुम्ही आधीच भरून ठेवला होतात. शरीर मुलांना शिकायला, आणि खाली तुमच्या वेड्यावाकड्या झालेल्या अक्षरात एक वेगळी ओळ: मेंदू माझ्या विद्यार्थिनीनं तपासावा. मी ती वाचत असताना तुम्ही डोळे उघडलेत. माझा राग आहे का, असं विचारायचं होतं मला. तुम्ही म्हणालात, "भिऊ नगंस. कापताना हात हलू देऊ नगंस." तेवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. घरी बुद्धवंदना झाली, आणि तुम्हाला न्यायला कॉलेजची गाडी आली. माझी आई आली होती. ती गाडीमागे फाटकापर्यंत चालत गेली आणि मला म्हणाली, "जाळायचं न्हाय, पुरायचं न्हाय. मग बाई ऱ्हाणार कुठं गं?"

मेंदू फॉर्मालिनमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवावा लागतो. मी रोज त्या बरणीच्या कपाटासमोरून जायचे. अखेर आमच्या सरांच्या देखरेखीखाली मी तो कापला. हात हलला नाही. आतल्या पोकळ्यांच्या कडेनं जुने व्रण होते, करडे, कडक, बोटाला रबरासारखे लागणारे. चकत्या केल्या, त्यातले काही तुकडे पेशी वेगवेगळ्या दिसाव्यात म्हणून विशेष रंग द्यायला मुंबईला मैत्रिणीकडे पाठवले. आलेल्या काचपट्ट्या मी एका दुपारी एकटीनं सूक्ष्मदर्शकाखाली लावल्या. निळ्या रंगात शाबूत वेष्टण, मध्ये फिकट, रिकामा व्रण. बाहेरून येणारी ती शिकलेली फौज मी शोधली. शिरांभोवती तुरळक पेशी, बस. खरंच कुणी येत नव्हतं. पण व्रणाच्या कडेवर तपकिरी पेशींची दाट रांग होती, आणि त्यांच्या पोटात निळे कण. वेष्टणाचे. तुम्ही गेलात त्या दिवसापर्यंत त्या खात होत्या. मायक्रोग्लिया. मेंदूतल्या जन्मजात फौजेच्या पेशी; त्या रक्तातून येत नाहीत, आपण आईच्या पोटात असतानाच मेंदूत येऊन राहतात आणि मरेपर्यंत तिथंच असतात. एरवी त्या राखण करतात, कचरा उचलतात, आपले बारीक हात सतत हलवून आजूबाजूला चाचपत राहतात. मी पट्टी सरकवली. जिथं कुठलाही व्रण नव्हता, एमआरआयला सगळं चांगलं दिसलं असतं, तिथंही मधूनमधून त्या चार-पाचच्या घोळक्यानं जमल्या होत्या. काही घडलेलं नव्हतं तिथं अजून. नुसत्या जमल्या होत्या.

तुम्ही सांगितलं होतं ते शब्दन् शब्द तिथं होतं. तेव्हा पुस्तकं याबद्दल नुकती कुठं बोलायला लागली होती. आता विद्यार्थ्यांना मीच शिकवते की अटॅक थांबणं म्हणजे आजार थांबणं नव्हे. तुम्हाला त्या पेशी जाणवत होत्या असं मी वर्गात म्हणू शकत नाही, तसं जाणवत नसतं हे मला माहीत आहे. तुम्हाला पाय जात असलेला कळत होता आणि उरलेलं तुम्ही शिक्षिकेसारखं ताडलंत, असंच असणार. मी धाकट्या बाईंना जाऊन सांगितलं की ताई म्हणत होत्या ते खरं होतं. त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाल्या, "मी बी तिला मनाचंच म्हणायची." आम्ही दोघींनी चहा घेतला.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही. तुमचा देह कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये मुलांच्या अभ्यासात संपला, राख नाही, माती नाही. तरी एक गोष्ट लिहायची राहिली आहे, ती मी धाकट्या बाईंनाही सांगितली नाही. त्या दुपारी पट्टी लावल्यावर मला रडू आलं नाही, बाई. पश्चात्तापही नंतर आला. निळ्याच्या काठावर ती तपकिरी रांग फार सुंदर दिसत होती. मी मोठं भिंग फिरवलं आणि आणखी जवळून बघत राहिले.