पावडरच्या डब्यातल्या गोळ्या

शेषराव दाजी, जय भीम.

पुन्हा तुमचं तेच, आमी फसवलं म्हणून. सपनाताईला फिट येते हे लग्नाच्या वक्ताला लपवलं, व्हय. पण तुमच्या घरी फिट आली तवा तुमच्या आईनं तिच्या नाकाला चप्पल लावली अन् तुमी तिला कळमनुरीच्या जीपमधी बसवून माहेरी धाडलं, ते काहून?

एक सांगायचं राहिलं. "गोळ्या पावडरच्या डब्यात ठेव, सासरी कुणाला दिसू देऊ नको," हे मीच तिला म्हणलो होतो. तुमच्या घरात पाहुणे, तिनं चार दिवस डबा उघडलाच न्हाई. त्याच्याआधी दोन वर्षं फिट आली नव्हती.

तिला घेऊन जा. जेवताना सगळ्यांसमोर गोळी देत जा.

तुमचा मेव्हणा,
प्रेमानंद, सुरत

ता.क. हा कागद खिशातच राहील बहुतेक. तुमच्या फोनवर गोळ्यांचे पैसे तेवढे टाकून राहिलो, चारशे ऐंशी रुपये.